फायनल फॅन्टसी १० : सरळ वाट, परत येणारा सिन आणि टँकरच्या रात्री

मांजराकाठ (लातूर)

आधीच सांगतो, या धाग्यात खेळाचा शेवट उघड होणार आहे. हा जपानी व्हिडिओ गेम २००१ सालचा आहे, तरी कुणाला कोऱ्या पाटीनं खेळायचं असेल तर इथंच थांबा.

मागच्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं की दहावा भाग म्हणजे तीस तासांचा बोगदा. पुढं चालायचं, मध्ये लढायचं, मग व्हिडिओ बघायचा, परत चालायचं. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आरोप खोटा नाही. आधीच्या भागांत जगाचा मोठा नकाशा असायचा, हवं तिकडं भटकता यायचं. यात तो काढून टाकला. बेसेड बेटापासून गगाझेट डोंगरापर्यंत एकच वाट. तरीही मला हा खेळ त्या वाटेसाठीच आवडतो, आणि ते का हे नीट सांगायचं राहून गेलं होतं.

मी तो २०१६ च्या उन्हाळ्यात खेळलो. त्याच मे महिन्यात पीसीची आवृत्ती आली होती. संभाजीनगरला होस्टेलच्या वायफायवर तीस जीबीच्या वरची फाइल दोन रात्री जागून उतरवली आणि परीक्षा संपल्यावर लॅपटॉप घेऊन घरी आलो. तो उन्हाळा लातूरकरांना सांगायची गरज नाही. धनेगावचं धरण कोरडं, एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, बहुतेक वेळा रात्री बारानंतरच. कुणीतरी जागं राहायला पाहिजे म्हणून ते काम माझ्याकडं आलं. दारात घागरी, ड्रम, बादल्या ओळीनं लावलेल्या आणि मी उंबऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पायरा नावाचं जग आहे. समुद्रातून सिन नावाचं डोंगराएवढं जनावर येतं आणि गावंच्या गावं धुऊन नेतं. त्यावर एकच उपाय. युनासारखी एखादी समनर देवळादेवळांत जाऊन प्रार्थना करते, प्रत्येक ठिकाणी एक एऑन, म्हणजे एक शक्ती, मिळवते आणि शेवटी उत्तरेला झनार्कंडच्या ओसाड अवशेषांत पोचते. तिथं ती अंतिम आवाहन करते. सिन मरतो, तीही मरते. काही वर्षं शांततेची जातात. मग सिन परत येतो. हे हजार वर्षं चाललंय. येव्हनचा धर्म सांगतो की आपली पापं फिटली की तो येणं थांबेल, आणि सगळे मान खाली घालून ते ऐकतात.

आजीनं मला बहात्तरचा दुष्काळ सांगितला होता. बाबांबरोबर मी २०१२-१३ पाहिला. आणि आता उंबऱ्यात बसून हा तिसरा बघत होतो. मधल्या वर्षांत पाऊस झाला की बोअर घ्यायची घाई, ऊस लावायची घाई, मागचं कुणाला आठवत नाही. मग झनार्कंडला पोचल्यावर खेळ सांगतो की ज्या एऑननं सिन मरतो तोच एऑन पुढचा सिन होतो. म्हणजे उपायाच्याच पोटात पुढचं संकट वाढतंय. ते ऐकून मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि दारातल्या ड्रमांकडं बघत बसलो. टँकर हे आपलं अंतिम आवाहनच आहे असं त्या रात्री वाटलं. आजही वाटतं.

आता वाटेबद्दल. युना निघते ती फिरायला नाही, मरायला निघते, आणि टिडस, म्हणजे ज्याच्या रूपात आपण खेळतो तो पोरगा, सोडून तिच्या सगळ्या सोबत्यांना ते माहीत असतं. वाटेत भेटणारी माणसं तिला हात जोडतात, लेकरं तिच्या मागं धावतात, एखादी बाई म्हणते आता आमच्या लेकरांना चार वर्षं सुखाची मिळतील. अशी माणसं रस्ता सोडून दुसरीकडं कुठं जाणार? वारीचे मुक्काम ठरलेले असतात, तसे हिचे. ज्या क्षणी हे सगळे मिळून तो ठरलेला शेवट नाकारतात, त्यानंतरच उडतं जहाज मोकळं होतं आणि नकाशावर कुठंही जाता येतं. वाट आणि गोष्ट इथं एकमेकींत गुंतली आहेत, आणि हे मला दुसऱ्या कुठल्या जपानी खेळात इतकं नेटकं दिसलं नाही.

दोषही आहेत आणि ते मी लपवणार नाही. देवळांतली कोडी रटाळ आहेत. चकाकणारा गोळा इकडून काढा, तिकडं बसवा, परत पहिल्या खोलीत जा. सगळ्यात मोठी चीड मला शेवटच्या शस्त्रांची आहे. लुलू नावाच्या सोबतिणीच्या शस्त्राचा एक भाग मिळवायला वादळी मैदानात सलग २०० वेळा वीज चुकवायची. टिडसच्या शस्त्रासाठी चोकोबो नावाच्या मोठ्या पक्ष्यावर बसून शर्यत शून्य सेकंदांच्या आत जिंकायची. ज्या मुलीबरोबर आपण तिच्या मरणाकडं चाललोय, तिच्या कथेच्या शेवटी माणसाला बोटं दुखेपर्यंत एकच बटण दाबायला लावणं हा त्या कथेचा अपमान आहे.

तुमचं काय मत?

नांदेडी_गडी

भाऊ, कथेवर तुम्ही लिहिलंच. मी लढाईवर बोलतो, कारण ह्या खेळाचा जीव मला तिथं दिसतो.

नवव्या भागापर्यंत वेळाची पट्टी भरायची वाट बघत बसावं लागायचं. दहाव्यात ती काढली. पडद्याच्या कोपऱ्यात पुढं कुणाची पाळी हे दिसतं, आणि तुम्ही काही निवडायला गेलात की ती रांग डोळ्यांदेखत बदलते. हेस्ट, म्हणजे वेगाची जादू, टाकला तर आपली माणसं वर सरकतात, जड वार निवडला तर खाली जातात. बुद्धिबळासारखं बसून विचार करायचा. आणि लढाई चालू असताना सातांपैकी कुणालाही आत घेता येतं, त्यात पाळी वाया जात नाही. चपळ लांडगा आला की टिडस, उडणारं आलं की वाक्काचा चेंडू, चिलखत असलं की ऑरन, लिबलिबीत जेलीसारखं काही आलं की लुलूची जादू, यंत्र आलं की रिक्कूला पाठवायचं, ती त्याचा भागच चोरून नेते. एका साध्या लढाईत सातही जण लागतात. त्यामुळं ही माणसं एकमेकांवर अवलंबून आहेत हे कथेनं सांगायच्या आधी हाताला कळतं.

पण हीच गोष्ट शेवटी मोडते. स्फीअर ग्रिडवर, म्हणजे एकेक घर पुढं सरकत ताकद आणि जादू मिळवायच्या पटावर, सुरुवातीला प्रत्येकाचा आपापला कोपरा असतो. चाळीस-पन्नास तासांनी सगळे सगळ्यांच्या कोपऱ्यात शिरतात. मग वाक्का पण तेच करायला, लुलू पण तेच करायला. सातही माणसं एकसारखी होऊन बसतात. बिचारा किमारी तर पहिल्यापासूनच ग्रिडच्या मधोमध, त्याला स्वतःचं असं काही दिलंच नाही.

गगाझेटवरच्या सेमूर या खलनायकावर जे अडकून पडलेत त्यांना सांगतो: त्याला बायो, म्हणजे विषाची जादू, लागू पडतं. विष चढलं की दर पाळीला १४०० जातात. आणि आधी आपला माणूस झॉम्बी केला जातो, मग त्याच्यावर पूर्ण जीव देणारी जादू पडते. झॉम्बीला ती उलटी लागते, त्यात तो मरतो. म्हणून झॉम्बीपण उतरवणारं होली वॉटर भरपूर घेऊन वर चढा.

हुरडा (परभणी)

बोगदा म्हणणारा मीच. मांजराकाठ, तुमचं लिखाण वाचून गलबलून आलं, पण वारीची उपमा मला मान्य नाही.

मी दोनदा पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर गेलोय. मिडसांगवीचं रिंगण पाहिलंय, पारगाव घुमऱ्याचं पाहिलंय. वाट ठरलेली असते हे खरं. पण त्या वाटेवर माणूस किती मोकळा असतो! कुणाच्या दिंडीत चालायचं, कुणाच्या घरी भाकरी खायची, कुठं अभंग ऐकत बसायचं, कुणाचे पाय दाबायचे. वाट एक आणि जगणं हजार. स्पायराच्या वाटेवर मला काय मिळतं? मिहेनच्या हमरस्त्यावर चार माणसं उभी, प्रत्येकाकडं दोन वाक्यं. पुढं मशरूम रॉक, पुढं जोझ, पुढं मूनफ्लो, आणि दर दहा पावलांना पडदा फुटून लढाई. ज्या वाटेचं तुम्ही कौतुक करताय ती नीट बघूच दिली जात नाही. मॅकॅलेनियाच्या जंगलात चमकणारी झाडं इतकी सुंदर केली आहेत, आणि मी तिथं मान वर करून एक मिनिट उभा राहू शकलो नाही.

माझा आक्षेप वाट सरळ असण्यावर नाही. वाट रिकामी आहे, त्यावर आहे.

दुसरं. वारीहून माणूस घरी येतो. मरायला निघालेल्या पोरीच्या प्रवासाला वारी म्हणताना माझी जीभ अडते.

मांजराकाठ (लातूर)

हुरडा, शेवटचं वाक्य पटलं. तो शब्द मी मागं घेतो. मुक्काम ठरलेले असण्यापुरतीच तुलना होती, पण वारीला तिकडं ओढायला नको होतं.

वाट रिकामी आहे हे अर्धं मान्य. बाहेरची माणसं कमी आहेत, पण सोबतची सहा जणं आहेत. मिहेनच्या वाटेवरच्या मुक्कामात संध्याकाळी युना एकटी बसून चित्र-आवाज टिपणाऱ्या एका गोळ्यात सोबत्यांसाठी निरोपाचे शब्द भरून ठेवते. टिडसच्या हाती तो गोळा फार पुढं लागतो आणि मग आधीच्या सगळ्या हसण्या-बोलण्याचा अर्थ बदलतो. माझ्यासाठी वाट तिथं भरली.

तेरणा (उमरगा)

मी इथं फारसं लिहीत नाही, आज राहवलं नाही.

किलिका हे गाव खेळात सुरुवातीलाच येतं. पाण्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं. आपण होडीतून पोचायच्या थोडं आधी सिन येऊन गेलेला असतो. काही उरलेलं नसतं. संध्याकाळी युना पाण्यावर उभी राहून नाचते, प्रेतांतून उजेडाचे कण वर उठतात, आणि काठावर एक बाई कोसळून रडते. नाचणारी पोरगी रडत नाही, तिला ते काम पूर्ण करायचं असतं.

माझं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते गाव गेलं. माझा जन्म नंतरचा. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. ती फार बोलत नाही. एवढंच सांगते की एकेका चितेवर किती जण ठेवले ते मोजायचं सोडून दिलं होतं, आणि पाऊस चिता पेटू देत नव्हता. गावाचं नावही कसं जवळचं, किलिका. मी तो प्रसंग खेळत होते तेव्हा आई मागं येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, ही पोरगी काय करतीय? मी म्हटलं, मेलेल्यांना वाटेला लावतीय. आई शेवटपर्यंत उभी राहिली आणि काही न बोलता आत गेली.

खेळात पुढं कळतं की ज्यांना असं वाटेला लावलं जात नाही ते जिवंत माणसांचा हेवा करत राक्षस होतात. म्हणजे दर दहा पावलांना आपण ज्यांच्याशी लढतो ते कुणाचे तरी न पोचवलेले जीव आहेत. हुरडा, त्या लढाया मलाही कंटाळवाण्या वाटायच्या. हे कळल्यावर त्या तितक्या सहज मारता येईनात.

माझी तक्रार वेगळी आहे. मिहेनच्या मोहिमेत यंत्रांच्या तोफा घेऊन शेकडो माणसं सिनवर चालून जातात आणि किनाऱ्यावर मरून पडतात. किलिकाला जो वेळ दिला तो तिथं दिला नाही. युना नाचते, पण कथेला जोझच्या देवळाची घाई झालेली असते. एवढी माणसं गेल्यावर निदान एक रात्र तरी कुणी काहीच बोलायला नको होतं.

नांदेडी_गडी

तेरणाताई, वाचून गप्प झालो. मिहेनबद्दल बरोबर बोललात. मला तर त्या किनाऱ्यावरचं फक्त पुढचं दुकान कुठं आहे एवढंच आठवायलं होतं. आता परत खेळताना थांबेन.

बालाघाट (अंबाजोगाई)

मांजराकाठ, टँकरची तुलना मला खटकली. मी पाणलोटाच्या कामात आहे. बांध घालतो, शोषखड्डे खणतो, ऊस कमी लावा म्हणून गावोगाव सांगत फिरतो. म्हणजे तुमच्याच बाजूचा माणूस. पण ज्या दिवशी घरात घोटभर पाणी नसतं त्या दिवशी टँकरच लागतो, आणि तो आणणाऱ्याला मी सिनचा बाप म्हणणार नाही.

खेळाची हीच बाजू मला कच्ची वाटते. दहा वर्षांपूर्वी युनाच्या वडिलांनी, ब्रास्कानं, जीव देऊन जी शांतता आणली तिच्यात युना वाढली. तेवढ्या वर्षांत किती लेकरं जन्मली, किती लग्नं लागली. ती वर्षं खोटी होती का? झनार्कंडला समनरला अंतिम एऑन देणारी युनालेस्का म्हणते की खोटी आशासुद्धा लोकांना जगवते, आणि पटकथा तिला लगेच खलनायिका करून टाकते. तीन रूपांची लढाई होते, तिसऱ्या रूपात जो झॉम्बी झालेला नाही तो जागच्या जागी मरतो, आपण जिंकतो आणि वाद मिटतो. तिचं म्हणणं कुणी खोडून काढलेलं नसतं, तिला मारलेलं असतं. शिवाय पर्यायी उपाय तोवर कुणाकडंच नसतो. टिडस म्हणतो, काहीतरी मार्ग काढू. पुढं मार्ग निघतो कारण लेखकानं तो काढून ठेवलेला असतो. गावात मी असं बोललो तर लोक मला बैठकीतून उठवतील.

मांजराकाठ (लातूर)

बालाघाटदादा, तुम्ही हे प्रत्यक्ष करता, त्यामुळं तुमच्या बोलण्याला वजन आहे. ती शांतता खोटी नव्हती, हे मान्य. युनालासुद्धा ते मान्य आहे. वडिलांवर माझं प्रेम आहे आणि म्हणूनच हे दुःख मी पुढं ढकलणार नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख असतो. ती वडिलांना दोष देत नाही.

युनालेस्काच्या म्हणण्याला उत्तर मिळत नाही याचा विचार मी केला नव्हता. पण लढाईच्या आधी खेळ सोबत्यांपैकी एकेकाला बोलायला लावतो, आणि ऑरन आपलं अपयश सांगतो. त्याचे दोन्ही मित्र, ब्रास्का आणि टिडसचा बाप जेक्ट, याच खोलीतून मरणाकडं गेले, आणि जेक्टचाच आता सिन झालाय. माझ्या मते तिथं युनालेस्काला उत्तर मिळतं. वाद घालून नाही, मागं उरलेल्या माणसाच्या तोंडून.

२०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात धरण भरलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ले. तेव्हापासून दर पावसाळ्यात तुमच्यासारखी माणसं काय करतात हे मी शोधून वाचतो. त्याची सुरुवात या खेळानं झाली, एवढंच माझं म्हणणं होतं.

जुनी_सनद (बीड)

अल बेडबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

स्पायरात अल बेड नावाचे लोक आहेत. यंत्रं वापरतात म्हणून येव्हनवाले त्यांना पाखंडी समजतात. त्यांची बोली वेगळी. खेळभर २६ पुस्तिका विखुरलेल्या आहेत. एक सापडली की त्या भाषेचं एक अक्षर उलगडतं. पहिल्यांदा पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. दहा पुस्तिकांनंतर मधूनमधून शब्द ओळखू येतात. वीसनंतर समोरचा माणूस आपल्याला शिव्या देत नव्हता, मदत मागत होता, हे कळतं.

माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर पुढच्या पिढ्या मराठीतून शिकल्या आणि घरातले जमिनीचे जुने कागद आम्हाला परके झाले. आजोबा होते तोवर ते बोट फिरवत वाचून दाखवायचे. ते गेल्यावर मी संभाजीनगरला एका मौलवींकडं महिनाभर अलिफ बे शिकलो आणि घरी येऊन ते कागद उघडले. अर्ध्या ओळीत एकच शब्द लागला, पण तो आमच्या गावाचं नाव होता. हा खेळ मी त्यानंतर खेळलो, म्हणून त्या पुस्तिकांनी मला जे दिलं ते सगळ्यांना मिळेलच असं नाही.

दोषही सांगतो. ती खरी भाषा नाही, इंग्रजीचीच अक्षरं अदलाबदल केली आहेत. आणि पुस्तिका चुकल्या तर चुकल्या. होम हे अल बेडांचं ठाणं पडतं तेव्हा तिथल्या पुस्तिका पळापळीत उचलल्या नाहीत तर परत मिळत नाहीत. खेळ म्हणून हे फार जाचक आहे. पण जळणाऱ्या गावातून पुस्तक उचलायचं राहिलं तर ते गेलंच, हेही खरं.

आणि वाक्का. त्याचा धाकटा भाऊ अल बेडांचं शस्त्र घेऊन सिनशी लढताना मेला, म्हणून तो त्या सगळ्यांचा द्वेष करतो. प्रेमळ आहे, पोराबाळांत रमतो, आणि तोंडानं विष ओकतो. अशी माणसं माझ्या घरात आहेत. तो एका भाषणानं बदलत नाही, होम जळताना बघून हळूहळू गप्प होत जातो. या खेळातलं सगळ्यात खरं पात्र मला तोच वाटतो.

हुरडा (परभणी)

सनद, वाक्काबद्दल शंभर टक्के. आणि ते लूका शहरातलं हसणं? टिडस आणि युना खोटं खोटं मोठ्यानं हसतात, तो प्रसंग लोक वाईट अभिनयाचा नमुना म्हणून फिरवतात. मुद्दाम खोटं हसायचं असं ठरवून ते हसतायत, हे पुढचं-मागचं कापल्यावर कळणार कसं? मुख्य मालिकेत आवाज पहिल्यांदा याच भागात आला. ओठांची हालचाल जपानी संवादांवरून केलेली, त्यामुळं इंग्रजीत युना अडखळत बोलल्यासारखी वाटते. हा दोष मी मोजतो. त्या हसण्याचा मोजत नाही.

पण वाट रिकामी आहे, यावरून मी हललेलो नाही.

पहिलाच_डाव (जालना)

धागा अर्ध्यावरून वाचायचा सोडला, कारण खेळायचा आहे! दोनच प्रश्न. जुन्या लॅपटॉपवर चालेल का? आणि सुरुवातीलाच माहीत असावं असं काही?

मांजराकाठ (लातूर)

पहिलाच_डाव, बरं केलंस थांबलास ते. माझ्या २०१४ च्या लॅपटॉपवर विनातक्रार चालला. पीसीची आवृत्ती घे, तिच्यात दहावा आणि त्याचा पुढचा भाग दोन्ही येतात. तिच्यात वाटेवरच्या लढाया बंद करता येतात, वेग वाढवता येतो आणि कटसीन, म्हणजे मधले व्हिडिओ, सोडून देता येतात. आधीच्या कन्सोलवर ती सोय नव्हती. मोठ्या बॉसकडून हरलो की आधीचा सगळा व्हिडिओ परत बघावा लागायचा. पहिल्या खेळीत मात्र लढाया बंद करू नकोस, माणसं कमजोर राहतात आणि पुढं अडकतोस. फक्त मॅकॅलेनियाच्या जंगलात पाच मिनिटं बंद कर आणि मान वर करून बघ. हुरडाला जे मिळालं नाही ते तुला मिळू दे.

आणि एक. पहिल्याच गावात, बेसेडच्या देवळात, डिस्ट्रक्शन स्फीअर नावाचा एक गोळा आहे. कोडं सुटलं तरी तो वापरून लपलेली पेटी उघडल्याशिवाय बाहेर पडू नकोस. खूप पुढं तू परत येशील तेव्हा गावाच्या वाटेवर एक फार बलाढ्य शत्रू उभा असतो, त्याला हरवल्याशिवाय ती पेटी मिळत नाही, आणि तिच्यावाचून एक एऑन अडून बसतो. मॅकॅलेनियाच्या देवळातही तसंच.

पहिलाच_डाव (जालना)

बेसेडची पेटी उघडली. काल रात्री होडीतून किलिकाला पोचलो. एक मुलगी पाण्यावर नाचत होती, तिथं सेव्ह करून बंद केला. आज पुढं जातो.

तेरणा (उमरगा)

सावकाश जा.